बीजीएमआय, व्हॅलोरंट, फोर्टनाइट, क्लॅश... यातला कुठला सीझन पास खरंच पैसा वसूल आहे?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की ग्रुपमधले मित्र वेगवेगळे गेम खेळतात, प्रत्येक गेमचा पास (पैसे देऊन घ्यायचा, मग खेळून लेव्हल चढत गेलं की बक्षिसं उघडत जातात) वेगळा, महिन्याला चारशे-पाचशेच्या वर खर्च करायचा नाही, तर नेमका कुणाचा पास घ्यावा. सरळ सांगायचं तर यूट्यूबवर 'या सीझनचे सगळे रिवॉर्ड्स' म्हणून जे व्हिडिओ येतात ते बघून ठरवू नका, कारण रिवॉर्ड्स सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच असतात, दोन-तीन भारी स्किन (बंदुकीचं किंवा कॅरेक्टरचं नवं रूप) आणि मधली जागा भरायला स्प्रे, इमोट, अवतार, असलं किरकोळ सामान. बघायचं ते हे की पास संपायची तारीख आहे का, पूर्ण केल्यावर गेममधलं चलन परत मिळतं का, आणि पूर्ण करायला रोज किती वेळ घासावं लागतं. पैसे एकदाच जातात हो, वेळ दोन महिने जात राहतो, आणि त्याची किंमत कुठल्याच स्टोअरमध्ये लिहिलेली नसते.

आता व्हॅलोरंटचंच घ्या, कारण त्याचा हिशोब मांडून दाखवता येतो. पास १००० व्हीपीचा (व्हीपी म्हणजे पैसे देऊन घ्यायचं गेममधलं चलन), टियर म्हणजे पायऱ्या ५०. दुसऱ्या टियरला २,००० एक्सपी (खेळून मिळणारे पॉइंट) लागतात आणि मग प्रत्येक पुढच्या टियरला ७५० ने वाढत जातात, म्हणजे शेवटचा, पन्नासावा टियर एकटाच ३८,००० खातो. सगळी बेरीज होते ९,८०,०००. आता यातली गंमत बघा, पंचविसाव्या टियरला पोचल्यावर माणसाला वाटतं चला अर्धा पास झाला, पण तोपर्यंत फक्त २,५५,००० एक्सपी झालेले असतात, म्हणजे जेमतेम पाव भाग! उरलेला पाऊण भाग दुसऱ्या निम्म्यात. अनरेटेडची (रँक न धरणारी साधी) एक पूर्ण मॅच साधारण चार-पाच हजार एक्सपी देते आणि अर्धा तास तरी खाते, त्यामुळे नुसत्या मॅचेसवर पास ओढायचा म्हटलं तर दोनशेच्या आसपास मॅचेस होतात. वीकली मिशन्स नेमाने केली तर बराच भार तिथे हलका होतो, ते खरं, पण 'नेमाने' हाच तर मुद्दा आहे, सेमिस्टरच्या परीक्षेत दोन-तीन आठवडे गॅप पडला की शेवटी बसून रडायची वेळ येते. मग तिथे बटण असतंच, टियर विकत घ्या, एकेक टियर ३०० व्हीपी. चार टियर घेतले की मूळ पासापेक्षा जास्त पैसे गेले. आणि व्हॅलोरंट व्हीपी परत देत नाही, रेडियनाइट देतो, जे फक्त स्किन अपग्रेड करायला कामाचं, म्हणजे आधी महागडी स्किन पाहिजे. तर ज्यांच्याकडे स्किनच नाहीत त्यांनी रेडियनाइट जमवून काय लोणचं घालायचं?

फोर्टनाइटवाल्यांनी याच्या उलट केलं होतं आणि माझ्या मते म्हणूनच ही पद्धत सगळीकडे पसरली. डिसेंबर २०१७ मध्ये दुसऱ्या सीझनला त्यांनी बॅटल पास आणला, ९५० व्ही-बक्स (त्यांचं चलन), आणि पुढच्या सीझन्समध्ये पास पूर्ण केलात की पुढचा पास घेण्याइतके व्ही-बक्स त्यातूनच सुटायचे. म्हणजे एकदा पैसे टाका आणि मग खेळत राहिलात तर परत खिशात हात घालायला नको. ऐकायला फुकटच वाटतं. पण त्यातली मेख अशी की एक सीझन अर्धवट सुटला की साखळी तुटते आणि परत पैसे भरा, म्हणून माणूस कंटाळा आला तरी खेळत राहतो. मेसचं महिन्याचं कार्ड भरलंय म्हणून भूक नसताना जेवायला जाणारे रूममेट असतात ना, तसं. २०२४ च्या शेवटी किंमत १००० व्ही-बक्स केली, त्याच वर्षी आणखी एक बदल केला की पासमधल्या वस्तू १८ महिन्यांनंतर शॉपमध्ये परत येऊ शकतात. आधी सगळी जादूच 'पुन्हा कधीच मिळणार नाही' यावर होती. जुन्या खेळाडूंनी यावर बराच दंगा केला, मला मात्र हा बदल आवडला, कारण घाईघाईत पास घ्यायचं एक कारण कमी झालं.

कल्पना मात्र फोर्टनाइटची नाही हं. डोटा २ मध्ये २०१३ सालीच 'कॉम्पेंडियम' नावाचा असाच पास आला होता, दहा डॉलरच्या आसपास, आणि त्यातले २५ टक्के 'द इंटरनॅशनल' स्पर्धेच्या बक्षिसाच्या रकमेत जायचे. ते वाढत वाढत २०२१ च्या स्पर्धेला बक्षीस ४ कोटी डॉलरच्या वर गेलं. आणि एवढं सगळं झाल्यावर २०२३ मध्ये डोटावाल्या वॉल्व्ह कंपनीनेच सांगितलं की बहुतेक खेळाडू पास घेतच नाहीत, वर्षभराची सगळी मेहनत या एका गोष्टीत जाते, बास झालं. त्यावर्षी बक्षीस धाडकन खाली आलं, ३० लाख डॉलरच्या घरात. ज्यांनी सुरू केलं तेच बाहेर पडले आणि बाकीचं सगळं जग आत अडकलं.

बीजीएमआय बद्दल तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही खेळताच. पण रॉयल पासचं एक लक्षात ठेवा, त्याची रचना सारखी बदलत असते. आधी दोन महिन्यांचा १०० रँकचा होता, मग जुलै २०२१ ला महिन्याचा ५० रँकचा केला, नंतर पुन्हा दोन महिन्यांवर नेला. त्यामुळे 'गेल्या वर्षी परवडला होता' हे आज धरून चालत नाही, घ्यायच्या आधी या सीझनला किती दिवस आहेत आणि यूसी (बीजीएमआयचं चलन) किती परत मिळतायत ते पासच्या स्क्रीनवर स्क्रोल करून स्वतः मोजा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि आपल्याकडे एक जादा रिस्क आहे जी परदेशातल्या व्हिडिओत कुणी सांगत नाही. सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाईल बंद झालं, फेब्रुवारी २०२२ ला फ्री फायर गेलं (मॅक्स राहिलं), जुलै २०२२ ला बीजीएमआय स्टोअरमधून गायब झालं ते थेट मे २०२३ ला परत आलं. पबजीच्या जागी बीजीएमआय आलं तेव्हा जुना डेटा त्यात आणायची सोय दिली होती ती वेगळी गोष्ट, पण वस्तू आपल्या नावावर नसतात, आपण त्या वापरायची परवानगी विकत घेतो, एवढं तेव्हा सगळ्यांना कळलं. म्हणून वर्षभराचे यूसी आधीच भरून ठेवायची ऑफर कितीही गोड दिसली तरी मी घेणार नाही.

फ्री फायर मॅक्सचा बुया पास दर महिन्याला नवा येतो (जानेवारी २०२३ च्या आधी एलिट पास होता). तुमच्या बजेटमध्ये बसतो, पण दर महिन्याला म्हणजे वर्षाला बारा वेळा तोच प्रश्न, घेऊ का नको. महिन्याचा पास स्वस्त वाटतो तो वाटण्यापुरताच, वर्षाची बेरीज केली की तीन महिनेवाल्याच्या पुढे सहज जाऊ शकतो.

क्लॅश ऑफ क्लॅन्सची गोष्ट वेगळी आहे आणि लोक तुलना करताना इथेच घोळ घालतात. व्हॅलोरंटमधला पास नाही घेतला तर तुमची बंदूक तेवढीच चालते, फक्त दिसायला साधी. क्लॅशच्या गोल्ड पासमध्ये मात्र बिल्डर बूस्ट मिळतो, बांधकामाचा वेळ आणि खर्च २० टक्क्यांपर्यंत कमी होतो, म्हणजे पैसे देणारा खरोखर पुढे जातो. मोठ्या टाऊन हॉलला (गावाची मुख्य इमारत) एकेक अपग्रेड कितीतरी दिवस चालतो, तिथे २० टक्के म्हणजे चेष्टा नाही. त्यामुळे निव्वळ 'पैशाला काय मिळालं' बघितलं तर मोबाईलवर हा पास सगळ्यात कामाचा. पण मला स्वतःला ही पद्धत पटत नाही, कारण आधी गेम मुद्दाम हळू करायचा आणि मग वेग विकायचा, आणि एकदा त्या वेगाची सवय लागली की पास नसलेला महिना नकोसा होतो.

त्याच कंपनीच्या ब्रॉल स्टार्सचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. तिथे पास १६९ जेम्सचा होता आणि फुकट खेळून जेम्स साठवले की काही सीझननंतर एक पास पैसे न देता घेता यायचा, शाळेतली पोरं अक्षरशः महिनोन्महिने साठवायची. जानेवारी २०२४ पासून ते बंद, पास फक्त खऱ्या पैशांनी. एपेक्स लेजंड्सने जुलै २०२४ मध्ये असलंच काहीतरी जाहीर केलं होतं, एका सीझनला दोन पास आणि दोन्ही कॉइन्सने नाही तर रोख पैशांनी, त्यावर लोकांनी स्टीमवर (पीसी गेम विकणारं स्टोअर) रिव्ह्यूचा असा काही भडिमार केला की काही आठवड्यांत कॉइन्स परत आणावे लागले. सांगायचं कारण, आज जी पद्धत चांगली आहे ती पुढच्या सीझनला तशीच असेल याची गॅरंटी नाही, चलन साठवून ठेवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्या.

पीसी किंवा कन्सोल असेल तर माझं मत एकदम क्लिअर आहे, ज्याचा पास संपत नाही तो घ्या. हेलो इन्फिनिटने २०२१ ला हे केलं, एकदा घेतलेला पास कायम तुमचा, हवा तेव्हा पूर्ण करा (सुरुवातीला त्यांचं एक्सपी फक्त चॅलेंजेसवर मिळायचं, मॅच खेळून काहीच नाही, त्यावरून शिव्या खाल्ल्या आणि मग सुधारलं). हेलडायव्हर्स २ मध्ये वॉरबाँड नावाचे पास असतात, नेहमीचा १००० सुपर क्रेडिट्सचा, तारीख नाही, आणि ते क्रेडिट्स मिशनमध्ये हिंडताना जमिनीवर सापडतात सुद्धा, मात्र मूळ गेम विकत घ्यावा लागतो. डीप रॉक गॅलॅक्टिकमध्ये तर सीझनचा पास फुकट, आणि २०२४ पासून जुने सीझनही परत लावून खेळता येतात. मार्व्हल रायव्हल्स फुकट आहे आणि तिथेही घेतलेला पास सीझन संपला म्हणून मरत नाही. म्हणजे हे करता येतं हो! बाकीचे करत नाहीत कारण तारीख काढली की रोज लॉगिन करायचं कारण जातं, आणि त्यांना लॉगिनच पाहिजे असतं.

आता जी युक्ती मी सगळ्यांना सांगतो ती. पास सीझनच्या पहिल्या दिवशी घेऊच नका. बीजीएमआय, व्हॅलोरंट, फोर्टनाइट, या सगळ्यात तुम्ही फुकट खेळून जितक्या लेव्हलला पोचलात तितके पेड रिवॉर्ड्स पास घेतल्या क्षणी एकदम मिळतात. मग आधी पैसे कशाला अडकवायचे? खेळत राहा, शेवटच्या आठवड्यात बघा कुठवर पोचलोय, जी स्किन पाहिजे होती ती पार झाली असेल तर घ्या, नसेल तर पैसे वाचले. बऱ्याचदा तोपर्यंत ती स्किन नकोशीच झालेली असते. काही ठिकाणी पास घेतल्यावर थोडी जादा मिशन्स उघडतात किंवा लवकर घेणाऱ्याला काहीतरी बोनस असतो, तेवढं सोडायचं. अपवाद फक्त क्लॅशचा, तिथे बूस्ट सीझनसोबत संपतो, त्यामुळे घ्यायचाच तर सुरुवातीला घ्या, महिनाअखेरीला घेऊन बूस्टचा काही उपयोग नाही.

आणि ते टेलिग्राम-इन्स्टावरचे 'अर्ध्या किमतीत यूसी, फक्त आयडी-पासवर्ड द्या' वाले, त्यांच्या नादी लागू नका. एकतर अकाउंट जातं, नाहीतर चोरीच्या कार्डावरून भरलेलं असतं आणि नंतर रिफंड झाला की बॅलन्स मायनसमध्ये. टॉप-अप करायचं तर गेममधूनच किंवा कंपनीच्या साइटवरून, यूपीआयने, आणि पॅक निवडताना आकडा नीट बघा, पासची किंमत आणि पॅकचा साइझ बहुतेक वेळा जुळत नाही, वर थोडं चलन उरतं आणि ते उरलेलं बघूनच माणूस पुढचा पॅक घेतो.

तुमच्याकडे पीसी आहे की फक्त मोबाईल ते लिहिलं नाहीये. फक्त मोबाईल धरला तर माझं उत्तर, बीजीएमआयचा रॉयल पास, तोही दोन महिन्यांत एकदा, शेवटच्या आठवड्यात, आणि तेही तुम्ही रोज खेळत असाल तरच. पीसी असेल तर व्हॅलोरंटचा पास सोडा, ते पैसे दोन-तीन महिने बाजूला ठेवून स्टीमच्या सेलमध्ये डीप रॉक घ्या आणि त्या मित्रांनाही ओढा, चौघांनी खेळायचा गेम आहे.