कंबर लचकल्यावर घरी बर्फ कसा लावायचा? की शेकच बरा?

तुमचे प्रश्न तीन आहेत. परवा भरलेली बादली उचलताना कंबर लचकली, त्यावर घरचे म्हणतात तसा शेक घ्यावा की मैत्रीण म्हणते तसा बर्फ लावावा? बर्फ लावायचा तर कसा? आणि मधुमेह असलेल्या सासूबाईंच्या जुन्या कंबरदुखीवरही तोच चालेल का? मी चिपळूणला फिजिओथेरपिस्ट आहे. भातलावणी सुरू झाली की माझ्याकडे कंबर धरूनच माणसं येतात, त्यामुळे हा वाद माझ्यासमोर नेहमी चालतो.

बर्फाने कंबर बरी होत नाही. दुखणं तेवढ्यापुरतं बधिर होतं, आणि त्या सवलतीत तुम्हाला उठून चार पावलं चालता येतात. त्याचा उपयोग तेवढाच, पण पहिल्या दोन दिवसांत तेवढाही पुष्कळ वाटतो.

थंडीने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, वेदनेचा निरोप नेणाऱ्या नसा मंदावतात, आवळून बसलेला स्नायू जरा सैल होतो. मात्र थंडी खोल जात नाही. घोट्यावर कातडीखाली लगेच हाड आणि सांधा आहे. कमरेला आधी चरबी, मग स्नायूंचा जाड थर आणि त्याच्याही आत मणके. ‘गादी सरकली’ म्हणून कोणी बर्फ लावत असेल, तर तो गार पडणार वरचा स्नायू, गादी नव्हे.

मुरगळलं की बर्फ, हा नियम रुजला तो गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी १९७८ साली मांडलेल्या ‘राइस’ सूत्रामुळे: आराम, बर्फ, दाब आणि दुखरा भाग उंचावर ठेवणे. पुढे खुद्द त्यांनीच सांगितलं की बर्फाने आणि पूर्ण आरामाने दुखापत भरून यायला उलट उशीर लागू शकतो. शिवाय ते सूत्र खेळाडूंच्या दुखापतींसाठी होतं. घोटा उशीवर ठेवता येतो, कंबर कुठे ठेवणार? कॉक्रेन ही संस्था एकेका उपचारावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासते. तिच्या २००६ च्या आढाव्यात नव्या कंबरदुखीवर शेकाने थोड्या दिवसांपुरता थोडा आराम पडतो, याला बऱ्यापैकी पुरावा सापडला. थंडीबद्दल निष्कर्ष काढण्याइतका पुरावाच नव्हता. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतही पहिल्या उपायांत शेक आणि मसाज आहेत. तेव्हा गरम पाण्याची पिशवी घेऊन मागे लागलेल्या तुमच्या घरच्यांना अडाणी समजू नका.

मग मी बर्फ कोणाला सांगते? लचक ताजी आहे, जागा ठणकतेय, शेक घेतला तर ठणका वाढल्यासारखा वाटतोय, अशांना. किंवा मे महिन्यात, जेव्हा पाठीला गरम पिशवी सोसतच नाही. तुम्हाला ज्याने बरं वाटतं ते घ्या. दोन्ही करून बघायलाही हरकत नाही, फक्त एकावर एक लगेच नको.

आता कृती. फ्रीजमधले बर्फाचे खडे फोडून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, वाटीभर पाणी घाला, हवा काढून गाठ मारा. पाण्यामुळे पिशवी कमरेच्या बाकाला नीट बसते आणि पाणी-बर्फ शून्य अंशाच्या आसपास राहतो. फ्रीजरमधून काढलेला जेल पॅक याहून बराच गार असतो, त्याला जाड कापड लागतं. गोठवलेल्या मटारची पिशवीही छान बसते. बर्फात मीठ मात्र घालू नका. पॉटचं आइसक्रीम ज्या थंडीने गोठतं, ती कातडी जाळते.

पिशवीला पंचाचं ओलं करून पिळलेलं फडकं गुंडाळा. पोटाखाली उशी घेऊन पालथं झोपा. जमत नसेल तर कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन. पिशवी वर ठेवायची, तिच्यावर आपण झोपायचं नाही, कारण वजनाने ती दाबली जाते आणि डोळा लागला तर कळतही नाही. आधी गार लागेल, मग चुरचुरेल, मग बधिर होईल. बधिर झालं की काढा. दहा-पंधरा मिनिटं पुरतात, वीसच्या पुढे जाऊ नका. कातडी लालसर झाली तर चालेल, पांढरी पडली किंवा फोड आला तर थांबा. पुन्हा लावायला दोनेक तास जाऊ द्या. आणि बधिरपणाच्या भरात तीच बादली उचलायला जाऊ नका!

वर बाम किंवा स्प्रे मारून बर्फ लावू नका, शेकही घेऊ नका. बाममधला मेंथॉल कातडी गार करत नाही, तो थंडी ओळखणाऱ्या नसांना चेतवतो. (त्या नसांमधला थंडी आणि मेंथॉल टिपणारा रिसेप्टर शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापूटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं, तापमान आणि स्पर्शावरचं त्यांचं काम त्याहून बरंच मोठं आहे.) कातडीला आधीच खोटी थंडी वाटत असताना खरी थंडी किंवा खरा चटका किती बसला, ते कळत नाही.

बाकी दिवसभर अंथरूण धरू नका. घरातल्या घरात हिंडत राहा. आमच्याकडे उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेतात. साधी लचक बहुतेकदा काही आठवड्यांत आपली आपण उतरते, त्यामुळे पायाळूचंही नाव राहतं आणि आम्हा फिजिओंचंही.

पण लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावर ताबा राहिला नाही, बसायची जागा बधिर झाली, पायातली ताकद गेली, तर बर्फ ठेवा बाजूला आणि त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा. संध्याकाळचा बारीक ताप, घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तरी डॉक्टरांना दाखवा. आपल्याकडे मणक्याचा टीबी दुर्मीळ नाही. दुखणं एका कुशीतून जांघेकडे कळा मारत येत असेल तर मूतखडाही असू शकतो.

सासूबाईंना बर्फ लावू नका. मधुमेहात कातडीची जाणीव कमी झालेली असू शकते, त्यांना चटका कळणार नाही. तेच गरम पिशवीलाही लागू आहे, म्हणून त्या ‘अजून गरम कर’ म्हणाल्या तरी ऐकू नका. पिशवी आधी तुमच्या मनगटावर धरून बघा, टॉवेल गुंडाळून द्या आणि पाच-पाच मिनिटांनी त्यांची पाठ बघत राहा.