समुद्री प्राण्यांना न मारता त्यांच्यातली औषधी रसायनं काढता येतात का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. स्पंज, शंख, खेकडे यांच्यातून औषधी रसायनं काढायची तर ते मारावेच लागतात का? आणि वाशीम जिल्ह्यातल्या कॉलेजात बी.एस्सी. करून या विषयात शिरता येईल का? मी परतवाड्याकडे अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. समुद्राशी आमचा संबंध सुक्या बोंबलापुरताच, पण हा विषय माझ्या आवडीचा आहे म्हणून सविस्तर लिहितो.

थोडक्यात सांगायचं तर, प्राणी स्वतःहून जे बाहेर फेकतो ते त्याला जिवंत ठेवून घेता येतं. जे त्याच्या अंगात मुरलेलं असतं त्यासाठी बहुधा त्याला मारावं लागतं, आणि तेवढं करूनही औषधापुरतं हाती लागत नाही.

पहिल्या प्रकारातलं माझं आवडतं उदाहरण औषधाचं नाहीच, रंगाचं आहे. प्राचीन काळी भूमध्य समुद्राकाठी म्युरेक्स नावाच्या गोगलगायी फोडून जांभळा रंग काढत. १९०९ मध्ये फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञानं त्या रंगाची रचना शोधली, तेव्हा १२,००० गोगलगायींमागे त्याच्या हाती १.४ ग्रॅम रंग आला. आता मेक्सिकोच्या वाहाका किनाऱ्यावरचे मिश्तेक या आदिवासी समाजातले रंगारी काय करतात बघा. ओहोटीला खडकावरची गोगलगाय सोडवायची, जरा दाबायची. आधी पाणी निघतं ते सांडून द्यायचं, मग दुधासारखा रस येतो तो थेट सुताच्या लडीवर टिपायचा आणि गोगलगाय पुन्हा ओल्या सावलीत खडकावर ठेवायची. सुतावरचा डाग आधी पिवळा, मग हिरवा आणि ऊन-हवा लागली की पक्का जांभळा. त्याच गोगलगायीला पुन्हा हात लावायचा तो साधारण महिनाभरानं. १९८०च्या दशकात एका परदेशी कंपनीसाठी हेच काम विश्रांती न देता झालं आणि गोगलगायी झपाट्यानं कमी झाल्या. शेवटी १९८८ मध्ये सरकारनं या गोगलगायीला संरक्षण दिलं. मेळघाटात धावड्याचा डिंक काढणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. खाच किती खोल पाडली आणि पुन्हा त्याच झाडाकडे कधी आलात, यावरच झाड टिकतं.

कोन स्नेल या विषारी शंखाचं विषही असंच घेतात. छोट्या नळीच्या तोंडावर रबराचा पातळ पापुद्रा ताणतात, त्यावर माशाच्या पराचा तुकडा लावून शंखासमोर धरतात. मासा आला समजून तो सोंड पुढे काढतो, भाल्यासारखा दात रबरात खुपसतो आणि विषाचे काही सूक्ष्म थेंब नळीत पडतात. मग कबूल केलेला मासा त्याला खाऊ घालायचा, नाहीतर पुढच्या वेळी तो फसेलच कशाला! फिलिपिन्सचे बाल्डोमेरो ऑलिव्हेरा यांच्या गटाच्या अशा विषांवरच्या कामातून झिकोनोटाइड हे तीव्र वेदनेवरचं औषध आलं, २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. पण त्यासाठी रोज शंख ‘दोहत’ नाहीत. रेणू २५ अमिनो आम्लांचा आहे, तो कारखान्यात जुळवतात.

हॉर्सशू क्रॅबचं प्रकरण मात्र मला अवघड वाटतं. हा खरा खेकडा नव्हेच, विंचू-कोळ्यांच्या जवळचा. आपल्याकडे ओडिशाच्या किनाऱ्यावर सापडतो आणि कायद्यानं संरक्षित आहे. त्याचं रक्त तांब्यामुळे निळं असतं आणि जिवाणूंचं विष लागताच गोठतं. या गुणावरून बनवलेल्या चाचणीनं जगभर इंजेक्शनं, लसी, सलाईन तपासतात. खेड्यात अंग दुखलं तरी लोक म्हणतात, ‘डॉक्टर, एक सलाईन लावून द्या.’ त्या बाटलीवर बारीक अक्षरांत ‘नॉन-पायरोजेनिक’, म्हणजे ताप न आणणारं, असं लिहिलेलं असतं, ते याच तपासणीसाठी. अमेरिकेत या प्राण्याचं साधारण ३० टक्के रक्त काढून त्याला समुद्रात सोडतात, आणि त्यातले सुमारे १५ टक्के मरतात असं तिथल्या मत्स्य-व्यवस्थापनात धरलं जातं. म्हणजे ‘जिवंत सोडलं’ हे काही दर वेळी खरं नसतं. सिंगापूरच्या डिंग जीक लिंग आणि हो बाव यांनी रक्तातलं नेमकं प्रथिन पेशींत जनुक घालून बनवलं, ते २००३ पासून बाजारात आहे. पण युरोपच्या औषधकोशात, म्हणजे औषधांच्या तपासणीच्या अधिकृत ग्रंथात, त्याला जागा मिळाली २०२१ मध्ये आणि अमेरिकेच्या २०२५ मध्ये. पर्याय हाताशी असूनही वीसेक वर्षं गेली, याचा मला राग येतो.

आता अंगात मुरलेल्या रसायनांचा हिशेब. जपानमध्ये ६०० किलो स्पंजातून हॅलिकॉन्ड्रिन बी हे कर्करोगाच्या पेशी मारणारं रसायन निघालं १२.५ मिलिग्रॅम. न्यूझीलंडमध्ये दुसऱ्या जातीच्या स्पंजाचे तुकडे दोरीवर वाढवून पाहिले. स्पंज तुकड्यातून पुन्हा वाढतो, तरी औषधापुरता पुरला नसता. शेवटी हॅलिकॉन्ड्रिनच्या रेणूचाच सुटसुटीत भाग प्रयोगशाळेत बांधून एरिब्युलिन केलं, २०१० मध्ये कर्करोगासाठी मंजूर झालं. ट्रॅबेक्टेडिन या कर्करोगावरच्याच औषधाचंही तेच. सी-स्क्वर्ट या जीवाच्या सुमारे एका टनात एक ग्रॅम. स्पेनच्या कंपनीनं त्यांची शेती करून पाहिली, आणि मग स्यूडोमोनास जिवाणूच्या किण्वनातून कच्चा रेणू घेऊन पुढचं काम रसायनशास्त्रानं केलं. गंमत म्हणजे सी-स्क्वर्टमध्येही हे रसायन बनवतो तो त्याच्या अंगात राहणारा जिवाणूच.

बहामाजवळ एका मऊ प्रवाळाच्या फांद्या छाटून सौंदर्यप्रसाधनांसाठी रसायन घेतात, बुंधा राखला की तो पुन्हा फुटतो. असे अपवाद आहेत, पण थोडे.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’. प्राण्याकडून आता माल नको असतो, कृती हवी असते, आणि ती कृती जिवाणूंकडून करून घेण्याचं काम वाशीममध्येही शिकायला सुरुवात करता येते. ऑरगॅनिक आणि मायक्रोबायोलॉजी ऑप्शनला टाकू नका. कॉलेजात ऑटोक्लेव्ह (वाफेनं भांडी निर्जंतुक करायचं यंत्र) चालू असेल तर शेतातल्या मातीतून स्ट्रेप्टोमायसिस हा प्रतिजैविकं बनवणारा जिवाणू वेगळा काढून बघा, हात तिथंच बसतो. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे विचारणा करा, आणि अर्ज शेवटच्या महिन्यावर ठेवू नका.