माळावरचा ससा बघायचा असेल तर

सगळ्यात आधी तो पाळीव पांढरा ससा डोक्यातून काढा. आपल्या माळरानावर दिसतो तो काळ्या मानेचा ससा, लेपस नायग्रिकोलिस. हा बीळ खणत नाही. गवतात अंगाच्या मापाचा खळगा करून दिवसभर त्यात दबून बसतो, अगदी पायाखाली येईपर्यंत. उठला की पळती पाठच दिसते, म्हणून त्या क्षणी मानेकडे बघा. कानांमागे काळा डाग आणि वरून काळी शेपटी दिसली की ओळख पक्की. उत्तरेकडच्या सशाची शेपटी तपकिरी असते.

बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यासारख्या माळावर पहाटे जा. आधी लेंड्या शोधा: शेळीच्या लांबट, सशाच्या गोल, किंचित चपट्या, फोडल्या की आत नुसता गवताचा भुसा.

आणि हे कळकळीनं सांगतो. गवतात एकटं पिल्लू दिसलं तर उचलू नका. ते जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांचं असतं. आई अंधारात येऊन दूध पाजते. अनाथ समजून घरी आणलेलं पिल्लू मी मरताना पाहिलंय. रात्री सशाच्या तोंडावर बॅटरीही रोखू नका. तो जागीच थिजतो, आणि शिकारी नेमकं हेच करतात.