सगळ्या व्हाइट वाइन सारख्याच लागतात, काय करू?

प्रश्न : ताई, मी कोल्हापूरची. हॉटेल मॅनेजमेंट झालंय, सोमेलिए (हॉटेलातली वाइनची जाणकार) व्हायचंय म्हणून डब्ल्यूएसईटी या वाइनच्या परीक्षेच्या लेव्हल थ्रीचा अभ्यास चाललाय. रेड जमतात, पण व्हाइटमध्ये पार गोंधळ उडतो. सॉव्हिन्यों ब्लाँ, शेनिन ब्लाँ, शार्डने, सगळंच गार आणि आंबट लागतं. घरी सराव कसा करायचा?

उत्तर : अगं, बाटली फ्रीजमधून काढल्या काढल्या चाखत असशील तर असंच होणार. चार-पाच डिग्रीला वास दबून जातो आणि आंबटपणा तेवढा टोचतो. हलक्या व्हाइटला ८ ते १० डिग्री, ओकच्या लाकडी पिंपात मुरलेल्या शार्डनेला १० ते १३ बरं पडतं, म्हणून ग्लासात ओतून जरा थांब, एप्रिल-मेमध्ये तर फार थांबावंही लागत नाही.

आणि एक आज एक उद्या असं चाखू नकोस, दोन ग्लास शेजारी ठेव. त्याआधी एक सराव कर. दोन ग्लास पाण्यात सारखंच लिंबू पिळ, एकातच दोन चमचे साखर घाल. साखरेचं कमी आंबट वाटेल, पण घोट थुंकल्यावर तोंडाला पाणी दोन्हींनी सुटतं, आणि आंबटपणा मोजायचा तो त्या लाळेवरून, जिभेच्या पहिल्या मतावरून नाही. नाशिकच्या बऱ्याच शेनिन जराशा गोडसर असतात, तिथंच फसायला होतं.

आता गंमत बघ, सॉव्हिन्यों आणि शेनिन दोन्ही मुळात जास्त आंबट, मग नुसत्या आंबटपणावर त्या वेगळ्या कशा निघणार? इथं नाक लागतं. कपिलतीर्थ मंडईतनं ढोबळी मिरची आण, मधोमध चीर आणि लगेच हुंग. तो हिरवा वास पायराझिन नावाच्या द्रव्याचा, आणि सॉव्हिन्योंमध्येही तेच असतं. शेनिनमध्ये तो हिरवेपणा नाही, तिथं सफरचंद, नाशपाती, कधी मध. शार्डनेचं प्रकरण वेगळं, द्राक्षाला स्वतःचा वास बेताचाच, वाइनमेकर काय करतो त्यावर सगळं. बॅक्टेरिया मॅलिक ॲसिडचं लॅक्टिक करतात तेव्हा आंबटपणा मऊ होतो आणि लोण्याचा वास येऊ शकतो. पण म्हणून शार्डने म्हणजे लोणी असं पाठ करू नकोस गं, फ्रान्सची शाब्ली वाइनपण शार्डनेच आहे आणि ती चांगली धारदार असते, ओक बहुतेक वेळा नसतोच.

लेव्हल थ्रीच्या टेस्टिंगमध्ये एक व्हाइट आणि एक रेड, दोन्ही ब्लाइंड, म्हणजे नाव न सांगता, पण द्राक्षाचं नाव ओळखायला मार्क नाहीत! मार्क आहेत ते आंबटपणा, गोडी, बॉडी (तोंडात जाणवणारा जडपणा), वास, दर्जा नीट लिहिण्याला. तेव्हा नाव ओळखायचा नाद सध्या सोड.

सराव सकाळी, नाश्त्याआधी कर, तांबडा रस्सा झाल्यावर अजिबात नको, तिखटानं जीभ तेव्हा कामाची राहत नाही. घोट थुंकायचाच, लाजू नकोस, सगळे थुंकतात. उरलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, तेव्हा तीच जोडी दुसऱ्या दिवशी कुणाला तरी ग्लास अदलाबदल करायला सांगून परत चाख.