'इन द मॉर्निंग', मग 'ॲट नाइट' का?

एका ताईंनी विचारलंय की सातवीतल्या मुलीचा इंग्रजीचा अभ्यास घेताना काही जागी हमखास अडायला होतं. सकाळी म्हणजे 'इन द मॉर्निंग', तर रात्री म्हणजे 'ॲट नाइट' का? कारमध्ये 'इन द कार', पण बसमध्ये 'ऑन द बस' कसं? 'सिन्स फाइव्ह इयर्स'वर बाई लाल रेघ मारतात, ती कशासाठी? 'गुड इन मॅथ्स'ही चुकीचं म्हणे. या सगळ्याला एखादा नियम आहे का?

सगळ्याला पुरून उरेल असा एक नियम नाही. पण कारणं बरीच आहेत, आणि त्यातली कितीतरी मराठी माणसाच्या कानाला आधीपासून ठाऊक आहेत. 'इन' म्हणजे मध्ये, 'ऑन' म्हणजे वर, 'ॲट' म्हणजे ला, अशी जी कोष्टकं आपण पाठ करतो, त्यांच्यामुळेच घोळ होतो. आपणसुद्धा सगळीकडे 'मध्ये' आणि 'वर' कुठे लावतो?

वेळेचंच बघा. आपण 'सहा वाजता' म्हणतो, '१ मे रोजी' म्हणतो आणि '१९६० साली' म्हणतो. 'सहा रोजी' किंवा '१ मे वाजता' असं लहान मूलही म्हणणार नाही. इंग्रजीतही हेच तीन कप्पे आहेत. वाजता तिथे 'ॲट', रोजी आणि वार तिथे 'ऑन', साल, महिना, ऋतू तिथे 'इन'. महाराष्ट्र राज्य 'ऑन' १ मे १९६० स्थापन झालं, नुसतं साल सांगायचं तर 'इन' १९६०. हे एकदा मुलीच्या लक्षात आलं की तिचे निम्मे प्रश्न सुटतील.

उरतात ते दिवसाचे प्रहर. सकाळ, दुपार, संध्याकाळ हे लांबरुंद पट्टे, त्यांच्या आत काहीतरी घडतं, म्हणून 'इन द मॉर्निंग', 'इन दि आफ्टरनून', 'इन दि ईव्हनिंग'. 'नून' आणि 'मिडनाइट' हे क्षण, म्हणून तिथे 'ॲट'. रात्रही तेवढीच लांब, तरी ती 'ॲट'च्या बाजूला गेली आहे. मला पटणारं स्पष्टीकरण असं की दिवसाच्या विरुद्ध टोकाला असलेली एक अखंड वेळ म्हणून तिच्याकडे पाहिलं जातं, तिच्या आत काय काय घडतं तिकडे लक्ष नसतं. याला एक पुरावाही आहे. 'इन द नाइट' चूक नाहीच मुळी. रात्रीच्या पोटात कधीतरी काही घडलं तर इंग्रज तेच वापरतो. 'रात्री शांत असतं' यासाठी 'ॲट नाइट', आणि 'रात्रीतून दोनदा उठावं लागलं' यासाठी 'इन द नाइट'. 'रात्री' आणि 'रात्रीतून' यांतला फरक तुम्ही रोज करता, तोच हा.

आता त्यात वार आला की सगळं बदलतं. 'इन द मॉर्निंग', पण 'ऑन सॅटरडे मॉर्निंग'. वार किंवा तारीख आली की 'ऑन'चं राज्य. आणि 'नेक्स्ट', 'लास्ट', 'धिस', 'एव्हरी' यांपैकी काही पुढे आलं की काहीच लावायचं नाही, नुसतं 'नेक्स्ट मंडे'. आपण 'पुढच्या सोमवारी' म्हणताना ई प्रत्यय लावतो, म्हणून 'ऑन नेक्स्ट मंडे' तोंडून जातं. वर्गात ही चूक सतत कानावर येते.

जागेच्या बाबतीत माझी सगळ्यात आवडती जोडी 'घरी' आणि 'घरात'. 'आई घरी नाही' म्हणजे ती बाहेर गेली आहे. 'आई घरात नाही' म्हणजे ती अंगणात किंवा गच्चीवर असेल. 'घरी' म्हणजे 'ॲट होम', 'घरात' म्हणजे 'इन द हाउस'. 'ॲट होम'मध्ये 'द' नाही हेही लक्षात घ्या, कारण तिथे विटामातीची वास्तू मनात नसते, आपलं ठिकाण असतं. 'इन बेड', 'ॲट स्कूल', 'ॲट वर्क' इथेही तेच. मुलगी शिकायला जाते ते 'टू स्कूल', तुम्ही पालकसभेला जाता ते 'टू द स्कूल'. ब्रिटिश इंग्रजीत पेशंट 'इन हॉस्पिटल' असतो आणि त्याला भेटायला आलेला भाऊ 'इन द हॉस्पिटल'. अमेरिकेत मात्र दोघांनाही 'द' लागतो, त्यामुळे न्यू जर्सीतली मावशी वेगळं बोलली तर तिला चूक ठरवू नका.

अशा जोड्या शोधायला लागलं की आणखी सापडतात. गाडी 'वेळेवर' आली म्हणजे 'ऑन टाइम', आणि आपण 'वेळेत' पोहोचलो म्हणून ती मिळाली म्हणजे 'इन टाइम'. वर आणि त, अगदी जसंच्या तसं. खोलीच्या 'कोपऱ्यात' स्टूल असतं, रस्त्याच्या 'कोपऱ्यावर' वाण्याचं दुकान असतं. इंग्रजीतही पहिल्याला 'इन द कॉर्नर', दुसऱ्याला 'ऑन द कॉर्नर'. आजारी माणूस 'अंथरुणात' असतो, धुतलेल्या कपड्यांचा ढीग 'पलंगावर' असतो: 'इन बेड' आणि 'ऑन द बेड'. झाडाच्या बाबतीत मात्र मराठी साथ देत नाही. आपल्याकडे आंबाही झाडावर आणि कावळाही झाडावर. इंग्रजीत फळ 'ऑन द ट्री' आणि पक्षी बहुधा 'इन द ट्री', कारण तो फांद्यापानांच्या आत बसलेला असतो.

बसचं सोपं आहे. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं तिथे 'ऑन': बस, ट्रेन, विमान, जहाज. जिथे वाकून आत शिरायचं आणि बसून राहायचं तिथे 'इन': कार, टॅक्सी, रिक्षा. घोडा, सायकल, स्कूटर यांवर तर आपण खरोखरच बसतो, म्हणून तिथे 'ऑन'. पण साधन म्हणून सांगायचं असेल, म्हणजे आपल्या 'ने' प्रत्ययाच्या अर्थाने, तर 'बाय बस', 'बाय कार'. या 'बाय'ला मध्ये कोणी आलेलं चालत नाही. 'माझ्या गाडीने आलो' हे मराठीत सहज चालतं, म्हणून आपण 'बाय माय कार' म्हणतो. इंग्रजीत तिथे 'इन माय कार' हवं. आणि पायी म्हणजे 'ऑन फूट'.

'सिन्स'वरची लाल रेघ योग्यच आहे. मराठीत '२०१९ पासून' आणि 'पाच वर्षांपासून' दोन्हीकडे एकच 'पासून' आहे. इंग्रजीत सुरुवात कुठून झाली हे सांगताना 'सिन्स', किती काळ हे सांगताना 'फॉर'. मुलीला एक कसोटी द्या: 'पासून' काढून वाक्य वाचायचं. 'आम्ही इथे पाच वर्षं राहतोय' चालतं, तर तिथे 'फॉर'. 'आम्ही इथे २०१९ राहतोय' चालत नाही, तर तिथे 'सिन्स'. ही कसोटी मराठी येणाऱ्या मुलाला इतकी सोपी पडते की शाळेत ती अशी का सांगत नाहीत याचं मला फार वाटतं.

थोडं वळण घेतो, कारण हे मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. असे शब्दसमूह पिढ्यान्‌पिढ्या जसेच्या तसे बोलले गेले की झिजून एकच शब्द होऊन बसतात. 'अलाइव्ह' हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या 'ऑन' आणि 'लाइफ' यांच्या जोडीतून आला. 'अस्लीप'मध्येही तोच 'ऑन' दडलेला आहे. 'इन्स्टेड' म्हणजे 'इन' आणि 'स्टेड', म्हणजे जागी. 'बिकॉज' म्हणजे 'बाय' आणि 'कॉज'. 'ओक्लॉक'मधला 'ओ' हा 'ऑफ द क्लॉक'चा उरलेला तुकडा. आणि 'ट्वाइस अ डे', म्हणजे दिवसातून दोनदा, यातला 'अ' आपण 'एक' या अर्थाचा समजतो, पण मुळात तोसुद्धा झिजलेला 'ऑन' आहे. म्हणून मी सांगतो की हे समूह फोडून पाठ करू नयेत. 'बाय मिस्टेक', 'ऑन पर्पज', 'ॲट लीस्ट', 'इन फॅक्ट' हे अख्खेच्या अख्खे जिभेवर बसवावेत, प्रत्येक सुटा शब्द का आला याची उठाठेव करू नये.

आपल्या क्रियापदांमुळे होणाऱ्या चुका वेगळ्या. तो माझ्यावर रागावला, म्हणून 'अँग्री ऑन मी'. हवं 'अँग्री विथ मी'. तिचं लग्न अमक्याशी झालं, म्हणून 'मॅरीड विथ'. हवं 'मॅरीड टू'. आणि 'डिस्कस' या क्रियापदाला पुढे काहीच लागत नाही, 'विषयी' त्याच्या पोटातच आहे.

आता 'गुड इन मॅथ्स'. आपण 'गणितात हुशार' म्हणतो, त्यामुळे 'इन' येतो. 'गुड' किंवा 'बॅड' असेल तर 'ॲट': 'शी इज गुड ॲट मॅथ्स'. 'वीक' किंवा 'स्ट्राँग' असेल तर 'इन' चालतो, त्यामुळे प्रगतिपुस्तकावरचं 'वीक इन मॅथ्स' बरोबर आहे. मार्क सांगतानाही 'इन'च. मुलीला ९० मिळाले तर 'शी गॉट नाइन्टी इन मॅथ्स' असं खुशाल लिहू द्या, तिथे लाल रेघ पडणार नाही.