फोनवरचं मराठी: चूक आपली किती आणि कीबोर्डाची किती?

तुमचा प्रश्न असा आहे: सोशल मीडियामुळे मराठी वाचन-लेखन बिघडलंय असं सगळे म्हणतात, ते खरं आहे का? आणि फोनवर नीट, लोक वाचतील असं मराठी लिहायचं तर नेमकं काय करायचं?

बिघडलं म्हणण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. शाळा सुटल्यावर एखादा अर्ज आणि लग्नपत्रिकेचा मजकूर यापलीकडे ज्यांच्या हातून काही लिहून व्हायचं नाही, अशी माणसं आज दिवसभर लिहितात. छापील मजकूर वाचकाकडे जायच्या आधी मुद्रितशोधकाच्या नजरेखालून जायचा. आता अंगठा उचलला की मजकूर थेट वाचकासमोर. मधला माणूस गेला, म्हणून चुका उघड्या पडल्या. पण त्यातल्या कितीतरी चुका माणसाच्या अज्ञानातून येत नाहीत, लिहिण्याच्या साधनातून येतात. त्या ओळखता आल्या तर टाळताही येतात.

आधी रोमन मराठीचं, म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या मराठीचं. ही सवय फोनवर रुजली ती एसएमएसच्या दिवसांत, आणि तिला कारण होतं. एका एसएमएसमध्ये रोमन 160 अक्षरं बसतात. त्यात देवनागरीचं एक जरी अक्षर घातलं, तरी अख्ख्या संदेशाची मर्यादा 70 वर येते. मजकूर त्याहून लांबला तर जोडसंदेशाच्या प्रत्येक तुकड्यात रोमनमध्ये 153 आणि देवनागरीत फक्त 67. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, हलन्त (अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह) हे सगळं स्वतंत्र मोजलं जातं. 'महाराष्ट्र' या एका शब्दाला दहा जागा लागतात. 'स्त्री' दिसायला एक अक्षर, मोजायला सहा (स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी). पैसे मोजून संदेश पाठवणाऱ्याने रोमनकडे वळणं साहजिक होतं. आज ती अडचण बहुतेक ठिकाणी राहिलेली नाही. एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) मात्र 280 ची मर्यादा मोजताना हाच हिशेब चालतो. तिथे जागा कमी पडली तर अक्षरं गाळून शब्द मोडू नका. सरळ दोन पोस्टी करा. रोमनमध्ये वेळ आणि वेल सारखेच दिसतात, बाळ, बाल, बळ आणि बल हे चारही एकाच रूपात येतात, आणि वाचणाऱ्याला प्रत्येक वाक्य अंदाजाने लावावं लागतं. घरच्या गप्पांना ते चालेल, चार परक्या माणसांनी वाचायच्या मजकुराला नाही.

आता कीबोर्ड. फोनमध्ये जीबोर्ड (गूगलचा कीबोर्ड) असेल तर सेटिंग्जमधल्या भाषांच्या यादीत जाऊन 'मराठी' जोडा. पुष्कळजण हिंदी कीबोर्डावरच मराठी लिहितात, कारण देवनागरी तर उमटतेच. मग सूचनाही हिंदीच येतात: पाणीऐवजी पानी, आणि ळ शोधत बसायचं. मराठी जोडताना मांडणी विचारली जाते. रोमन अक्षरं दाबून मराठी उमटवणारी मांडणी शिकायला सोपी, पण ती अंदाज बांधते. पण, पान, पन यांतलं काय हवंय ते सूचनांच्या पट्टीत बघून निवडावं लागतं. न बघता स्पेस दाबली की पहिला अंदाज पक्का होतो. रोज दोन-चार परिच्छेद लिहिणाऱ्याने थेट देवनागरी मांडणी घ्यावी, आणि संगणकावर इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली प्रमाण मांडणी. पहिले काही दिवस हात अडखळतो, पण जे दाबतो तेच उमटतं.

अंदाजाच्या मांडणीतून येणारी सगळ्यात मोठी चूक शब्द तोडण्याची. सूचनेवर बोट ठेवलं की कीबोर्ड आपणहून जागा सोडतो. मग 'माझ्या' निवडला, पुढे 'साठी' निवडला, आणि झालं 'माझ्या साठी'. तसंच 'घरा वर', 'त्या मुळे', 'पावसा मध्ये'. मराठीत शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटूनच येतं. सुटं 'साठी' हे वय होतं, सुटा 'वर' हा नवरदेव होतो. उपाय सोपा आहे: 'माझ्यासाठी' हा एकच शब्द समजून सलग टाइप करा, मधल्या सूचनेला हात लावू नका. दोन-तीनदा तसं केलं की कीबोर्डही पूर्ण शब्द सुचवू लागतो. हीच शिकण्याची सवय उलटीही बाधते. 'आणी', 'उज्वल', 'महत्व' एकदा लिहिलेत की पुढे तेच समोर येत राहतं. चुकीच्या सूचनेवर बोट दाबून धरा आणि ती ओढून कचरापेटीत टाका. योग्य रूपं आणि, उज्ज्वल, महत्त्व. आणि 'दिपावली' नव्हे, दीपावली; दिवाळी मात्र ऱ्हस्वच.

दुसरी चूक रफाराची, आणि ती अर्थ बदलते. आचाऱ्यांना वाढायला सांगितलं तर स्वयंपाकघरात निरोप जातो, आचार्यांना सांगितलं तर गुरुजींना. दऱ्या डोंगरात असतात, दर्या म्हणजे समुद्र. कुठे काय लिहायचं याची कसोटी अशी: मूळ शब्दात र स्वराबरोबर उभा असेल (दुसरा, वारा, दरी, आचारी), तर पुढच्या रूपात ऱ्य: दुसऱ्या, वाऱ्यावर, दऱ्या, आचाऱ्यांना. मूळ शब्दातच र्य असेल (सूर्य, कार्य, आचार्य), तर रफार. कुऱ्हाड, गुऱ्हाळ, तऱ्हा हे आणखी काही शब्द तसेच लक्षात ठेवायचे. टाइप करताना बहुतेक देवनागरी कीबोर्डांत र दाबून धरला की नुक्त्याचा ऱ मिळतो. मग हलन्त, मग य, मग काना. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून J ही कळ दाबली की तोच ऱ. जुनी पद्धत साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह अशी होती. ते जोडचिन्ह काही ठिकाणी कॉपी करताना गळून पडतं, आणि लिहिताना बरोबर असलेला शब्द वाचणाऱ्याकडे 'दुसर्या' होऊन पोचतो. म्हणून ऱ वापरलेला बरा.

ॲपमधल्या ॲचंही असंच. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला संगणकात ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, हे स्वतंत्र अक्षर 2008 साली आलं. त्याआधी अ वर चंद्र चढवून काम भागवत. दोन्ही डोळ्याला सारखी, पण संगणकाच्या लेखी वेगळी. एकाने एक वापरलं आणि दुसऱ्याने दुसरं टाकून शोधलं, तर लेख सापडत नाही. स्वतंत्र ॲच वापरा, आणि सगळीकडे तोच.

प्रमाणभाषेबद्दल फार बाऊ होतो. शुद्धलेखनाचे आजचे नियम मराठी साहित्य महामंडळाचे, 1962 चे चौदा आणि 1972 चे चार, असे एकूण अठरा. 'केलं, असं, झालं' या बोलीतल्या रूपांना त्यांत वाव आहे, तेव्हा ती चूक धरू नका. खटकतं ते मिश्रण: पहिल्या ओळीत 'केले', तिसऱ्या ओळीत 'झालं'. एका मजकुरात एकच ठेवा.

बोलून लिहायचं असेल तर एका दमात आठ-दहा शब्द बोला, थांबा, वाचा, मग पुढे चला. माणसांची आणि गावांची नावं, ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हं हाताने दुरुस्त करावीच लागतात. सलग पाच मिनिटं बोललेला मजकूर सुधारायला लिहिण्यापेक्षा जास्त वेळ खातो.

वाचण्यात झालेला बदल मला लिहिण्यातल्या बदलापेक्षा जास्त गंभीर वाटतो. फोनच्या ओळीत मराठीचे पाच-सहा शब्द मावतात. साठ शब्दांचा परिच्छेद तिथे दहा-बारा ओळींची भिंत होतो. लांब मजकुराची घडी घातली जाते आणि आधी वरच्या काही ओळीच दिसतात. 'नमस्कार मित्रांनो, आज मी तुम्हाला एका महत्त्वाच्या विषयावर सांगणार आहे' यात ती सगळी जागा संपते. पहिल्याच वाक्यात मुद्दा ठेवा आणि परिच्छेद चाळीस-पन्नास शब्दांवर तोडा. पण त्यापुढे जाऊन प्रत्येक वाक्य वेगळ्या ओळीवर टाकायची आणि शेवटी टिंबं द्यायची जी पद्धत पडली आहे, ती मात्र सोडा. तिच्यात 'म्हणून', 'पण', 'तरीही', 'कारण' हे शब्द गळून पडतात. ओळी राहतात, त्यांना जोडणारा विचार राहत नाही. असंच वाचत राहिलं की चार उपवाक्यांचं वाक्य समोर आल्यावर मन मागे फिरतं. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचा. दोन वाक्यांमधला सांधा तोंडाने आपोआप भरला तर तो कागदावरही हवा.

आणि पुढे ढकललेले संदेश. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारलं. देशभर अशा अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. आता संदेशावर दुहेरी बाण दिसला तर तो पाच किंवा त्याहून जास्त हातांतून फिरून आलेला असतो. वाचताना तीन गोष्टी शोधा: तारीख, ठिकाण, लिहिणाऱ्याचं नाव. 'काल' आणि 'आपल्या शहरात' याला तारीख-ठिकाण म्हणत नाहीत. संशय आला तर मजकुरातले सलग आठ-दहा शब्द अवतरणचिन्हांत टाकून शोधा. जुनी बातमी असेल तर बऱ्याचदा तिथेच सापडते.

स्वतः लिहिताना नाव फक्त शेवटी टाकू नका, कॉपी करताना शेवटची ओळच आधी उडते. पहिल्या दोन परिच्छेदांत कुठेतरी नाव, तारीख आणि गाव गुंफा. आवडलेला लेख लेखकाचं नाव काढून पाठवणं ही निव्वळ गैरसोय नाही; लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 57 ने दिलेला आहे.

मजकुराचं चित्र करून टाकणं शक्यतो टाळा. सूर्यास्तावर पांढरी अक्षरं छान दिसतात, पण ती शोधात येत नाहीत, आणि दृष्टिहीन वाचकाचं वाचन-सॉफ्टवेअर त्यापुढे मुकं होतं. चित्र टाकायचंच तर तोच मजकूर खाली किंवा चित्राला जोडायच्या पर्यायी मजकुरात (ऑल्ट टेक्स्ट) लिहा. इमोजींची रांगही लावू नका. त्याच सॉफ्टवेअरला प्रत्येक इमोजीचं नाव वाचावं लागतं. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि ऱ्य एकेक करून तपासा. गडबड होते ती तिथेच.

बिघडण्याच्या तक्रारीत एक गोष्ट कायम राहून जाते. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी लिहिणाऱ्यांना छापील जगात फार थोडी जागा होती. आज त्या बोलींतून रोज लिहिलं जातं, वाचलं जातं, त्यांत वाद घातले जातात. हे माध्यम नसतं तर यातलं फारच थोडं कागदावर आलं असतं, आणि मला ही मोठी कमाई वाटते. तुमची बोली घरात वेगळी असेल तर तीत जरूर लिहा. उच्चाराप्रमाणे लिहा, पण एका शब्दाचं एकच रूप धरा; मालवणीतलं 'खंय' एकदा टिंबासह लिहिलंत तर पुढेही टिंब ठेवा. कीबोर्डाला हे शब्द माहीत नसतात आणि तो प्रमाणभाषेतला जवळचा शब्द पुढे करत राहतो, म्हणून नेहमीचे तीस-चाळीस शब्द सेटिंग्जमधल्या वैयक्तिक डिक्शनरीत एकदा बसून भरून टाका. वऱ्हाडी लिहिणाऱ्यांनी पहिला शब्द 'वऱ्हाडी' हाच भरावा, त्यात तो ऱ लागतोच.