इलेक्ट्रिक गाडीचा ब्रेक लाइट स्विच घरी बदलता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडीचे ब्रेक लाइट कधी लागतात, कधी नाही. अधूनमधून गाडी 'रेडी'तच (म्हणजे चालायला तयार) येत नाही. गॅरेजवाला म्हणतो स्विच गेलाय. वॉरंटी संपली आहे, तर स्वतः बदलावा का, की हाय व्होल्टेजच्या भीतीने लांब राहावं?

बदला की. हा स्विच ब्रेक पेडलच्या वर, साध्या १२ व्होल्टच्या वायरिंगवर असतो, पेट्रोल गाडीत असतो तसाच. मोठ्या बॅटरीच्या केबल जाड आणि नारिंगी रंगाच्या असतात. नारिंगी दिसलं की हात मागे, एवढं पाळलंत तर झटक्याचा प्रश्न येत नाही.

पण स्विच आणायला निघण्याआधी दोष खरंच त्याचा आहे का ते बघा. इलेक्ट्रिक गाडी इथे चांगलीच फसवते. मी फसलोय.

माझ्या गाडीला गेल्या पावसाळ्यात हाच आजार झाला. सकाळी 'रेडी' यायला ब्रेक दोन-तीनदा दाबावा लागायचा. मला शंका आली म्हणून लेकाला स्कूटरवर मागे ठेवला आणि पुण्यात चांदणी चौकातून कोथरूडच्या उताराला लागलो. घरी आल्यावर तो म्हणाला, "बाबा, लागतोय की लाइट." मी निवांत झालो. चार दिवसांनी नळ स्टॉपच्या सिग्नलला उभा असताना शेजारचा रिक्षावाला बाहेर वाकून म्हणाला, "ओ काका, मागचा दिवा लागत नाय तुमचा."

दोघंही खरंच बोलत होते. आपल्या गाड्यांमध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर उलटी जनरेटर होते आणि गाडी स्वतःच हळू होते. याला रिजन म्हणतात. ते जोरात असेल, तर पाय ब्रेकला लागलेला नसतानाही कंट्रोलर मागचे दिवे लावतो. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रेकबद्दलच्या १३-एच नियमात याचे आकडेच दिलेत: वेग कमी होण्याचा दर १.३ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर गेला तर दिवा लागलाच पाहिजे, ०.७ किंवा त्याखाली असेल तर लागता कामा नये. म्हणजे उतारावर लेकाला दिसला तो रिजनचा दिवा. सिग्नलला गाडी उभी, रिजन शून्य, सगळी भिस्त माझ्या पायावर आणि मेलेल्या स्विचवर.

म्हणून तपासणी चालत्या गाडीवर करू नका. रात्री पार्किंगमध्ये गाडीची पाठ भिंतीकडे करून उभी करा, ब्रेक दाबा आणि आरशातून भिंतीवरचा लाल उजेड बघा. दहा-पंधरा वेळा दाबा, कधी हळू, कधी जोरात. एकच दिवा लागत नसेल तर तो बल्बचा किंवा एलईडीचा दोष. तिन्ही एकदम गायब असतील तर आधी फ्यूज बघा आणि मग स्विचकडे या. ओबीडी स्कॅनर (गाडीतले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) असेल तर पी०५७१ किंवा पी०५०४ कोड मिळू शकतो. पहिला ब्रेक स्विचच्या सर्किटचा, दुसरा आतल्या दोन संपर्कांचा मेळ बसत नसल्याचा.

हे दोन संपर्क काय प्रकरण आहे, तर बहुतेक गाड्यांच्या स्विचला चार पिना असतात. ब्रेक दाबला की एक संपर्क जुळतो आणि त्याच क्षणी दुसरा सुटतो. दोन्ही एकदम बदलले तरच कंट्रोलर "ब्रेक दाबलाय" असं मानतो. म्हणून कोणी "दोन वायरी जोडून देतो साहेब, चालेल" म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. ब्रेक कायमचा दाबलेला आहे अशी गाडीची समजूत झाली, तर क्रूझ कंट्रोल चालत नाही, आणि काही गाड्यांत ब्रेक न दाबताच 'डी' गिअर पडतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोरं खेळत असतात, तिथे हा खेळ नको.

आता ज्या गोष्टीकडे कुणी बघतच नाही ती सांगतो. फ्रिजचा दिवा आठवा. दार बंद झालं की बटण दाबलं जातं आणि दिवा जातो. इथेही तसंच. पेडल वर असताना त्याचा दांडा स्विचची काडी आत दाबून धरतो, दिवे बंद. पेडल खाली गेलं की काडी बाहेर, दिवे चालू. पुष्कळ गाड्यांत दांड्याला एक भोक असतं आणि त्यात बोटाच्या नखाएवढी रबराची किंवा प्लास्टिकची टिकली बसवलेली असते. काडी टेकते ती त्या टिकलीवर. काही वर्षांत टिकली कडक होऊन फुटते, काडी भोकातून आरपार जाते आणि दिवे लागलेलेच राहतात.

माझ्या मेव्हण्याचं असंच झालं, धायरीला. सकाळी वॉचमन म्हणाला, "साहेब, मागचे दिवे रात्रभर चालू होते." तोवर १२ व्होल्टची छोटी बॅटरी बसली होती. मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली, तरी गाडी ढिम्म, कारण मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर, म्हणजे तिला गाडीशी जोडणारे मोठे स्विच, ओढायला हीच छोटी लागते. त्याने आठशे रुपयांचा नवा स्विच आणून बसवला, तरी दिवे जाईनात. मग मला फोन. मी मॅट उचलली तर खाली फिकट पिवळा चुरा. तो म्हणे, "दाजी, पोरांनी खारी सांडलीय." खारी कसली, टिकली होती ती. वीस-तीस रुपयांचं काम. तेव्हा स्विचला दोष देण्याआधी मॅट उचलून बघा.

दोष स्विचचाच निघाला तर नाना पेठेत पार्टची दुकानं आहेतच. जुना स्विच आणि चासी नंबर दोन्ही घेऊन जा. दिसायला जुळे असलेले दोन स्विच आतून उलटे असू शकतात. मल्टिमीटर नसेल तर तपकीर गल्लीतून साधा आणा, दुकानातच पिना तपासता येतात.

बदलणं अर्ध्या तासाचं काम आहे, त्यातली वीस मिनिटं अंगाची घडी घालण्यात जातात. गाडी सपाटीवर, 'पी'मध्ये, हँडब्रेक लावून, चार्जर काढून. दार आणि काच उघडी ठेवा, चावी खिशात. छोट्या बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि दहा मिनिटं थांबा, स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असते म्हणून. मग पाय सीटवर, डोकं पेडलशी. मी तोंडात टॉर्च धरून असा पडलो होतो तेव्हा बायकोने वरून विचारलं, "योगासनं चालू आहेत का?"

कनेक्टरची कुलपाची पट्टी दाबा आणि कनेक्टर ओढा. वायर धरून ओढू नका. स्विच बहुधा पाव आट्यात सुटतो. काही ठिकाणी नट असतो, त्याला पाना लागतो. नव्या स्विचची काडी बसवताना आपोआप ॲडजस्ट होते, पण बऱ्याच स्विचमध्ये एकदाच. तेव्हा दुसऱ्या कुणाला पेडल दाबून धरायला सांगा, स्विच बसवून फिरवा आणि मग पेडल हळूच सोडायला सांगा. काही कंपन्यांची पद्धत उलटी असते, मॅन्युअल आधी वाचा. जोरात सोडलंत तर काडी जास्त आत जाते, मग पेडल सोडलेलं असतानाही दिवा लागलेला राहू शकतो. माझा पहिला स्विच असाच वाया गेला.

टर्मिनल परत लावल्यावर पुन्हा भिंतीची परीक्षा घ्या आणि कोड पुसा. तोवर गाडी गल्लीबाहेर काढू नका, आणि कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाच्या उताराला तर अजिबात नको. तिथे मागे भरलेला ट्रक असतो.

पेडलच्या वर वाकून बघितलं आणि असा स्विच सापडलाच नाही, तर तुमच्या गाडीत पेडल किती दाबलं गेलं ते मोजणारा सेन्सर ब्रेकच्या इलेक्ट्रिक बूस्टरमध्येच आहे. त्याला कंपनीच्या स्कॅनरवर कॅलिब्रेशन लागतं. तिथे मात्र गाडी सर्व्हिस सेंटरला द्या.